क्यूबेकची सहल आणि फ्रेंचची धास्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाँग वीकेंड जवळ आला की टोरांटो, न्यू जर्सी, बॉस्टनकडची मराठी मंडळी कॅनडाच्या फ्रेंच भाषिक क्यूबेक प्रांताबद्दल विचारू लागतात. भारतातून आई-बाबा आलेले असले तर विचारायलाच नको. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. बहुतेकांना धास्ती भाषेची असते. प्रत्यक्षात सहल बिघडते ती पार्किंगच्या पाटीने, सूपमधल्या हॅमने आणि भलत्याच आठवड्यात केलेल्या बुकिंगने. म्हणून इथे भाषेला थोडी जागा दिली आहे आणि बाकीच्या गोष्टींना जास्त.

१. आम्हाला फ्रेंचचा एक शब्द येत नाही. नुसत्या इंग्रजीवर निभावेल का?

मॉन्ट्रियलमध्ये आरामात. हॉटेल, मेट्रो, म्युझियम, रेस्टॉरंट, सगळीकडे इंग्रजी चालतं. क्यूबेक सिटीच्या जुन्या भागातही पर्यटकांची सवय असल्याने अडत नाही. मात्र त्याच शहरात तटबंदीबाहेरच्या वस्तीत, पेट्रोल पंपावर किंवा औषधाच्या दुकानात समोरच्याचं इंग्रजी मोडकंतोडकं असू शकतं. सागने, कोत-नॉर, गास्पेझी अशा भागांत तर इंग्रजी न येणारी माणसं सहज भेटतात. तिथल्यासाठी प्रश्न १६ पाहा.

२. इंग्रजी बोललं की तिथले लोक चिडतात म्हणे. खरं आहे का?

नाही. चीड येते ती 'बोंझूर' (नमस्कार) न म्हणता थेट इंग्रजीत सुरुवात केल्याची, तीही कधीतरीच. आधी 'बोंझूर' म्हणा, क्षणभर थांबा, मग इंग्रजीत बोला. मॉन्ट्रियलमध्ये बऱ्याचदा दुकानदारच 'बोंझूर-हाय' म्हणून दोन्ही दारं उघडी ठेवतो. २०१७ मध्ये क्यूबेकच्या विधानसभेने दुकानदारांनी फक्त 'बोंझूर' म्हणावं असा ठराव एकमताने केला होता. तो बंधनकारक नव्हता आणि 'बोंझूर-हाय' आजही ऐकू येतं.

फ्रेंचच्या सक्तीचे कायदे आहेत: १९७७ चा 'कायदा १०१' आणि त्यात भर घालणारा २०२२ चा 'कायदा ९६'. त्यांचं बंधन दुकानं, कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांवर आहे, तुमच्यावर नाही. दुकानांवरच्या मराठी पाट्यांचा वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यामागची भावना वेगळी समजावून सांगायला नको.

३. मग किमान काय पाठ करून जावं?

'बोंझूर', 'मेर्सी' (आभार), 'सिल वू प्ले' (कृपया), 'पार्ले-वू आंग्ले?' (इंग्रजी बोलता का?) आणि बिल मागायला 'ला फाक्त्यूर, सिल वू प्ले'. एवढं पुरे. फोनच्या भाषांतर ॲपमध्ये फ्रेंच आधीच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे इंटरनेट नसतानाही पाटीवर किंवा मेन्यूवर कॅमेरा धरून वाचता येईल. रक्कम ऐकून कळली नाही तर संकोच न करता स्क्रीन दाखवायला सांगा. तिथे दशांशासाठी टिंब नसून स्वल्पविराम असतो आणि डॉलरचं चिन्ह आकड्याच्या मागे येतं, तेव्हा '१२,५०' म्हणजे साडेबारा डॉलर.

४. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आहे. ते उपयोगी पडेल का?

तुमचं बोलणं त्यांना कळेल. त्यांचं बोलणं पहिले एक-दोन दिवस तुम्हाला कळणार नाही, कारण वर्गात ऐकलेले उच्चार पॅरिसचे होते. क्यूबेकमध्ये 'त्यू'चा उच्चार 'त्स्यू'कडे झुकतो आणि 'दिस'चा 'द्झिस'कडे. मराठी माणसाला हे सोपं जातं, कारण 'चांगला'मधला च आणि 'जहाज'मधला ज आपल्या तोंडात आधीपासून आहेतच. हिंदी भाषकांना याच अक्षरांपाशी अडखळायला होतं. दुसरं म्हणजे, तिथे अनोळखी माणसालाही 'तू' म्हणायची रीत फ्रान्सपेक्षा बरीच जास्त आहे. कुणी अरे-तुरे केलं म्हणून रागावू नका, पण आपण मात्र 'वू'च (म्हणजे आदरार्थी 'तुम्ही') म्हणावं.

समोरचा तुमचं फ्रेंच ऐकून लगेच इंग्रजीवर आला तर तो उपकार समजा, अपमान नव्हे.

५. तीन दिवस आहेत. मॉन्ट्रियल की क्यूबेक सिटी?

टोरांटोहून मॉन्ट्रियल साधारण ५४० किलोमीटर आणि क्यूबेक सिटी ८०० किलोमीटर. तीन दिवसांत गाडीने दोन्ही करायचं म्हटलं तर निम्मा वेळ हायवेवर जातो. माझं मत: तीन दिवस असतील तर एकच शहर. चार-पाच असतील तर दोन्ही, आणि त्यातले जास्त क्यूबेक सिटीला.

मॉन्ट्रियल हे मोठं, चालतं-बोलतं शहर आहे. तशी शहरं तुम्ही पाहिलेली असतात. क्यूबेक सिटीसारखं गाव मात्र उत्तर अमेरिकेत दुसरं नाही. १६०८ मध्ये शांप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने वसवलेलं, अजूनही तटबंदी शाबूत असलेलं, आणि १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथे वरचं गाव आणि खालचं गाव असे दोन भाग आहेत. मधला चढ ज्येष्ठांना दमवतो, पण पायऱ्या टाळायला फ्युनिक्युलर (चढावर केबलने ओढली जाणारी छोटी गाडी) आहे. शातो फ्रोंतनाक या किल्ल्यासारख्या हॉटेलचा फोटो हवा असेल तर हॉटेलसमोर उभं राहून काही उपयोग नाही. नदीपलीकडच्या लेव्हीला जाणारी फेरीबोट पकडा, नदीच्या मध्यावरून सगळं गाव एका नजरेत येतं. शहराबाहेर मोंमोरांसी धबधबा ८३ मीटर उंच आहे, म्हणजे नायगाऱ्याहून उंच. रुंदी नायगाऱ्याच्या जवळपासही नाही, तेव्हा आई-बाबांना आधी नायगारा दाखवून झाला असेल तर अपेक्षा बेताची ठेवायला सांगा.

६. कधी जावं आणि कधी टाळावं?

पानांचे रंग पाहायचे तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. बर्फ हवा असेल तर क्यूबेक सिटीचा हिवाळी कार्निव्हल फेब्रुवारीत असतो, पण उणे २० ची तयारी ठेवा. लोकरीचा स्वेटर आणि वर साधं जाकीट तिथे टिकत नाही.

टाळायच्या किंवा निदान माहीत असायच्या तारखा तीन. २४ जून ही क्यूबेकची राष्ट्रीय सुट्टी, दुकानं बंद असतात. १ जुलैला मॉन्ट्रियलमध्ये अर्धं शहर घर बदलत असतं, कारण भाड्याचे बहुतेक करार त्याच दिवशी बदलतात. रस्त्यांवर ट्रक आणि फुटपाथवर सोफे. आणि जुलैचे शेवटचे दोन आठवडे म्हणजे बांधकाम कामगारांची सुट्टी. त्या काळात सगळा प्रांतच फिरायला निघतो. समुद्रकिनाऱ्याकडची हॉटेलं, कॅम्पिंगच्या जागा आधीच संपलेल्या असतात. बाहेरच्या लोकांना याचा पत्ता नसतो आणि मग 'एकही खोली का मिळत नाही' असा निरोप येतो.

७. क्यूबेकसाठी वेगळा व्हिसा लागतो का?

नाही. कायमचं स्थायिक होण्याचे नियम क्यूबेकचे वेगळे आहेत, फिरायला जाणाऱ्याला कॅनडाचा नेहमीचा व्हिजिटर व्हिसा पुरतो. टोरांटोहून जाताना वाटेत कुठलीही तपासणी नाही.

एक खाच आहे. मॉन्ट्रियलहून पुढे न्यू ब्रन्सविक किंवा हॅलिफॅक्सला निघालात तर फोनवरचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून अमेरिकेच्या मेन राज्यातून नेऊ पाहतो. गाडीत अमेरिकन व्हिसा नसलेलं कुणी असेल तर निघण्यापूर्वीच मार्ग तपासा.

८. आम्ही अमेरिकेत राहतो, पासपोर्ट भारतीय आहे. आमचं काय?

ग्रीन कार्ड असेल तर वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. व्हिसा लागत नाही आणि एप्रिल २०२२ पासून ईटीएसुद्धा (ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी) लागत नाही. नोकरीच्या एच-१बी, त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ किंवा विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावाल्यांना कॅनडाचा व्हिसा हवाच. भेटीला आलेल्या आई-बाबांनाही हवा. त्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, हे कारण तिथे चालत नाही.

परतीचा विचार आधी करा. पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा संपलाय पण आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत दाखवणारी नोंद) अजून वैध आहे, अशा वेळी कॅनडातल्या ३० दिवसांपर्यंतच्या सहलीवरून परत येण्याची एक सवलत आहे. तिथे असताना नव्या अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलात तर ती सवलत जाते. या वाटेने जायचं असेल तर निघण्यापूर्वी वकिलाशी बोला आणि आय-९४ ची छापील प्रत जवळ ठेवा. आणि आई-बाबांची अमेरिकेतली सहा महिन्यांची मुदत कॅनडाला जाऊन आल्याने नव्याने सुरू होईल असं गृहीत धरू नका.

९. गाडी चालवताना फ्रेंच पाट्या कळतील का?

बहुतेक पाट्या चित्रांच्या आहेत. थांबा सांगणाऱ्या लाल अष्टकोनी पाटीवर 'आरे' लिहिलेलं असतं, पण आकार आणि रंग तोच. गंमत म्हणजे खुद्द फ्रान्समध्ये त्या पाटीवर 'स्टॉप'च असतं. 'सोर्ती' म्हणजे एक्झिट, 'त्राव्हो' म्हणजे काम चालू आहे, 'र्यू बारे' म्हणजे रस्ता बंद. उन्हाळ्यात शेवटच्या दोन पाट्या इतक्या दिसतील की आपोआप पाठ होतील.

खरा घोटाळा 'ओ' या अक्षराचा होतो. तो शून्य नाही, 'वेस्त' म्हणजे पश्चिम. मॉन्ट्रियलमध्ये सें-लोराँ हा रस्ता पूर्व आणि पश्चिम वेगळे करतो आणि दोन्हीकडे घरांचे आकडे तेच असतात. सेंत-कातरीन रस्त्यावर ५०० ई आणि ५०० ओ हे दोन निरनिराळे पत्ते आहेत. हॉटेलचा पत्ता टाकताना शेवटचं अक्षर सोडलंत तर सामानासकट भलत्याच दारात उभे राहाल.

नियमांतले फरक: मॉन्ट्रियल बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळायला बंदी आहे. बाकी क्यूबेकमध्ये पाटी नसेल तर चालतं. हिरवा दिवा लुकलुकत असेल तर समोरची वाहनं थांबलेली आहेत आणि तुम्हाला डावीकडे वळायला मोकळीक आहे. वेग किलोमीटरमध्ये असतो, हे अमेरिकन गाडी घेऊन येणाऱ्यांनी विसरू नये. रडार डिटेक्टर (पोलिसांचं वेग मोजणारं रडार ओळखणारं यंत्र) जवळ बाळगणंही बेकायदेशीर आहे. टोरांटोहून थेट क्यूबेक सिटीला जाताना मॉन्ट्रियलची गर्दी टाळायला ३० नंबरचा हायवे घ्या. त्यावरच्या एका पुलाला टोल आहे.

भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स वैध असेल तर पर्यटकाला सहा महिन्यांपर्यंत चालवता येतं. भाड्याची गाडी देणाऱ्या कंपनीचे नियम याहून कडक असू शकतात, ते बुकिंगच्या आधी विचारा.

१०. पार्किंगच्या पाट्यांचं कोडं कसं सोडवायचं?

एकाच खांबावर तीन-चार पाट्या असतील तर त्या सगळ्या एकदम लागू असतात. वरून खाली वाचा आणि एकही आड येत नसेल तरच गाडी लावा. वेळ २४ तासांच्या घड्याळात असते. वारांची पहिली तीन अक्षरं असतात: सोमवार 'लँ', मंगळवार 'मार', बुधवार 'मेर', गुरुवार 'झ', शुक्रवार 'व्हाँ', शनिवार 'साम', रविवार 'दीम'. मंगळ आणि बुध पहिल्या अक्षराने सारखे दिसतात, तिथेच दंड बसतो. खाली महिने दिले असतील, उदाहरणार्थ एप्रिल ते डिसेंबर, तर ती अट फक्त त्या काळापुरती. बाण ज्या दिशेला, त्या बाजूला नियम लागू. 'रेझेर्व्हे' असेल आणि शेजारी विभागाचा आकडा, तर ती जागा परवानाधारक रहिवाशांची.

हिवाळ्यात याहून महत्त्वाच्या आहेत नारिंगी तात्पुरत्या पाट्या. बर्फ उचलायचा असला की त्या लागतात आणि दिलेल्या वेळेनंतर गाडी ओढून नेतात. त्याआधी रस्त्यावर भोंगा वाजवत एक गाडी फिरते. रात्री झोपेत तो भोंगा ऐकू आला तर कूस बदलू नका, खाली जाऊन पाहा.

११. हिवाळ्यात आमची गाडी नेली तर स्नो टायर सक्तीचे आहेत का?

१ डिसेंबर ते १५ मार्च ही सक्ती क्यूबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांना आणि तिथे भाड्याने घेतलेल्या गाड्यांना आहे. ऑन्टारिओ (टोरांटोचा प्रांत) किंवा अमेरिकेच्या नंबरप्लेटवर पर्यटक म्हणून येणाऱ्यांना नाही. पण कायद्यातून सुटलात म्हणून बर्फातून सुटत नाही. स्नो टायर नसतील तर रेल्वेने जा.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

मॉन्ट्रियलमध्ये मुळीच नाही. पार्क-एक्स्टेन्शन हा भाग, म्हणजे पार्क आणि अकादी मेट्रो स्टेशनांच्या आसपासचा, देशी जेवणाने भरलेला आहे, डोसाही मिळतो. झाँ-तालोँ बाजारात फळं, ब्रेड, चीज घेऊन मस्त जेवण होतं. क्यूबेक सिटीत शोधावं लागतं आणि त्यापुढे बरोबर काहीतरी असावंच. ठेपले, चटणी आणि इलेक्ट्रिक कुकर नेणाऱ्यांना हसू नका.

'झ स्वी वेजेतारियँ' (बाईने म्हणायचं तर 'वेजेतारियेन') एवढ्यावर थांबू नका. मासे आणि मांसाचा रस्सा यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. वाटाण्याचं पारंपरिक सूप ऐकायला निर्धोक वाटतं, पण त्यात हॅम असतं. भाजलेले घेवडे, म्हणजे 'फेव्ह ओ लार', डुकराच्या चरबीत शिजवतात. मेन्यूत 'लार्दों', 'झांबों', 'सँदू' यांपैकी काही दिसलं तर ते डुकराचं आहे. अंडं चालत नसेल तर बोलून समजावण्यापेक्षा फोनवर फ्रेंचमध्ये लिहून दाखवा. त्या शब्दाचा उच्चार पहिल्या झटक्यात कुणालाच जमत नाही. चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध साकळवायला घालतात ते) असू शकतं, ते पाळत असाल तर लेबल वाचा.

मार्च-एप्रिलमध्ये शुगर शॅकला (मेपलचा पाक करतात आणि जेवणही देतात त्या जागी) जाणार असाल तर आधी फोन करून शाकाहारी थाळी आहे का विचारा, कारण तिथला नेहमीचा बेत जवळपास सगळा डुकराच्या मांसाभोवती फिरतो. ताज्या बर्फावर ओतून काडीला गुंडाळलेला मेपलचा गरम पाक मात्र सगळ्यांना चालतो. मुलं दुसरं काही मागत नाहीत.

१३. पूटिन तरी शाकाहारी असतं ना?

फ्राइज आणि चीजचे गोळे, इथपर्यंत ठीक. वरची तपकिरी ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी चिकन किंवा बीफच्या रश्शाची असते. बऱ्याच ठिकाणी 'सोस वेजे' मिळतो, मागून घ्या. फ्राइज कुठल्या तेलात तळल्या हेही विचारा. छोट्या टपरीवजा 'कास-क्रूत'मध्ये चिकनही त्याच कढईत पडतं. ही शंका उपासाच्या दिवशी काढणाऱ्यांना एकच उत्तर: त्या दिवशी पूटिन नको.

१४. 'दिने'साठी टेबल बुक केलं आणि दुपारची वेळ मिळाली. असं का?

क्यूबेकमध्ये 'देझने' म्हणजे सकाळची न्याहारी, 'दिने' म्हणजे दुपारचं जेवण आणि 'सूपे' म्हणजे रात्रीचं. बुकिंग करताना तासच सांगा, तोही २४ तासांच्या घड्याळात. मेन्यूतलं 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा छोटा पदार्थ असतो, अमेरिकेतल्यासारखं मुख्य जेवण नव्हे. 'ताब्ल दोत' म्हणजे ठरावीक किमतीत दोन-तीन पदार्थांचा बेत, आणि बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं.

१५. बिलावर दोन-दोन कर आणि वर टिप? किती द्यायची?

केंद्राचा कर ५ टक्के आणि प्रांताचा ९.९७५ टक्के. लेबलवरच्या किमतीत हे धरलेले नसतात. टिपचा रिवाज साधारण १५ टक्क्यांचा, कर सोडून. हिशेब सोपा आहे: बिलावरच्या दोन करांची बेरीज करा, तेवढीच टिप. मे २०२५ पासून कार्ड मशीनवर सुचवलेली टिप कराआधीच्या रकमेवरच काढायची असा तिथे कायदा आहे. तरी आकडा पाहूनच बटण दाबा.

१६. व्हेल पाहायला तादुसाकला जायचं आहे. तिथे भाषेचं काय?

क्यूबेक सिटीहून दोनशे किलोमीटरवर रस्ता सागने नदीपाशी संपतो आणि गाडीसकट फेरीत चढावं लागतं. ती फेरी फुकट आहे आणि रात्रंदिवस चालते, तिकीट खिडकी शोधू नका. व्हेलचा मोसम मे ते ऑक्टोबर. बोटीवरचं निवेदन मुख्यतः फ्रेंचमध्ये असू शकतं, म्हणून बुकिंग करतानाच इंग्रजी निवेदनाची सफर आहे का ते विचारा. हॉटेलचं बुकिंग ईमेलने करा. फोनवर गडबडणारी माणसं लेखी इंग्रजी व्यवस्थित समजून घेतात. जंगलातल्या रस्त्यांवर काही पट्ट्यांत फोनला रेंज नसते, नकाशाही आधीच उतरवून ठेवा. संध्याकाळनंतर मूस (अजस्र हरणं) रस्त्यावर येतात, तेव्हा अंधार पडण्याआधी मुक्काम गाठा.

१७. हॉटेलात 'सी' लिहिलेल्या नळाला उकळतं पाणी आलं. नळ उलटा बसवलाय का?

'सी' म्हणजे 'शो', गरम. 'एफ' म्हणजे 'फ्र्वा', गार. काही इमारतींत मात्र इंग्रजी नळ आहेत आणि तिथे 'सी' गारच असतो. अक्षरावर विश्वास न ठेवता आधी बोट लावून पाहा आणि आई-बाबांना आवर्जून सांगा.

१८. कुणी आजारी पडलं तर?

तातडीला ९११, तिथे इंग्रजी चालतं. साध्या सल्ल्यासाठी ८११, तिथेही. मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजीत काम चालणारी मोठी रुग्णालयं आहेत. क्यूबेक सिटीत जेफ्री हेल रुग्णालयात इंग्रजी सेवा मिळते.

ऑन्टारिओवाल्यांना एक गोष्ट माहीत नसते. दुसऱ्या प्रांतातल्या डॉक्टरने परस्पर ओहिपकडून (ऑन्टारिओची सरकारी आरोग्य विमा योजना) पैसे घेण्याच्या करारात क्यूबेक नाही. रुग्णालयाचा खर्च ओहिप बघतं, पण डॉक्टर त्यांची फी तुमच्याकडूनच मागू शकतात. पावती जपून ठेवा आणि घरी येऊन दावा करा. अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च तुमचाच. आई-बाबांचा विमा अमेरिकेपुरता काढलेला असेल तर तो कॅनडात चालतो का, हे निघण्यापूर्वी पॉलिसीत वाचून घ्या.

१९. मुलांना घेऊन मी एकटीच जाणार आहे, नवरा येणार नाही. काही कागद लागतो का?

टोरांटोहून जात असाल तर नाही. अमेरिकेहून सीमा ओलांडणार असाल तर मुलांच्या वडिलांचं सहीचं संमतीपत्र जवळ ठेवा, शक्यतो नोटराइज केलेलं. त्यावर त्यांचा फोन नंबर, मुलांची नावं, पासपोर्ट क्रमांक आणि सहलीच्या तारखा असाव्यात. मुलांचे जन्मदाखलेही सोबत असू द्या. सीमेवरचा अधिकारी दरवेळी विचारतोच असं नाही, पण विचारलं आणि पत्र नसलं तर तो नवऱ्याला फोन लावू शकतो. त्या वेळी त्यांनी फोन उचलायला हवा, हेही त्यांना सांगून ठेवा.